पक्षाघातातील साध्यासाध्यत्व आणि मेंदूचा स्कॅन

चरकाचार्यांनी सांगितलेल्या ऐंशी नानात्मज वातविकारांत पक्षवधाची गणना होते. सामान्य जन यालाच ‘अंगावरून वारे गेले’ किंवा ‘लकवा मारला’ असे म्हणतात. या व्याधीच्या निदानाविषयी आणि चिकित्सेविषयी आपल्या व्यवसायबंधूंनी पुष्कळ लिहिले आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला त्याच्या साध्यासाध्यत्वाविषयी, आणि तेही एका मर्यादित अंगाने, लिहावयाचे आहे. मेंदूचा सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय. पाहून रुग्णाचा हात, पाय व वाणी कितपत परत येईल हे सांगता येते काय, आणि येत असल्यास कोठवर, हा तो प्रश्न होय.

धरमतर खाडीच्या दोन्ही तीरांवरून, म्हणजे पेण, वडखळ, पोयनाड या बाजूने आणि वर नागोठणे-रोह्यापर्यंतच्या गावांतून, आमच्याकडे येणारा पक्षाघाताचा रुग्ण क्वचितच पहिल्या दिवशी येतो. पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबईच्या रुग्णालयात आठ-दहा दिवस काढून, घरी परतल्यावर तो येतो. नातेवाइकांच्या हाती फिल्मचा मोठा लिफाफा असतो, अलीकडे नुसती तबकडी किंवा मोबाइलमधील छायाचित्र असते. बाकावर बसण्यापूर्वीच मुलगा विचारतो, ‘‘वैद्यसाहेब, दादांचा हात परत चालेल ना?’’ औषध कोणते, पथ्य काय, हे सारे प्रश्न त्यानंतरचे.

या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा फार चुकीचे दिले. मिठागरावर उमर घालवलेले, साठीच्या आतले गृहस्थ होते. सी.टी. फिल्मवर उजवीकडे खोल भागात हरभऱ्याएवढा काळा ठिपका, बाकी मेंदू स्वच्छ. ‘एवढासा तर डाग आहे, दोन महिन्यांत हात चालू लागेल’ असे आम्ही छातीठोकपणे सांगितले. कुटुंबाने त्या शब्दावर विसंबून घरातले सोने गहाण टाकले आणि पंचकर्माचे एकामागून एक क्रम करून घेतले. रुग्ण काठी घेऊन चालू लागला, परंतु डावा हात शेवटपर्यंत छातीशी वळलेलाच राहिला. बस्ति चुकला नव्हता, स्नेहन-स्वेदन चुकले नव्हते. चुकले होते ते आमचे भाकीत. आम्ही डागाचा आकार पाहिला, जागा पाहिली नाही.

डागाची जागा व डागाचा आकार

मेंदूच्या पृष्ठभागावरील कर्मक्षेत्रातून निघणारे चेष्टावह तंतू खाली उतरताना एका अरुंद वाटेने एकत्र येतात. या वाटेला ‘इंटर्नल कॅप्सूल’ म्हणतात. तेथून ते मस्तिष्कस्तंभातून जाऊन, विरुद्ध बाजूस ओलांडून, मेरुरज्जूत शिरतात. या संपूर्ण मार्गास कॉर्टिकोस्पायनल मार्ग असे नाव आहे. वाडग्यात पसरलेल्या पाण्याला एखाद्या नळीत बोट घालून जसे सहज अडवता येते, तसेच इंटर्नल कॅप्सूलच्या मागच्या भागातील लहानसा मृत भाग संपूर्ण अर्धांग लुळे पाडू शकतो. उलट पुढच्या खंडातील लिंबाएवढा डाग वागणुकीत व बोलण्यात फरक पाडील, पण हात बहुतांशी शाबूत ठेवील. म्हणून फिल्म हाती घेताच ‘डाग केवढा’ असे विचारण्यापूर्वी ‘डाग या मार्गावर आहे काय’ असे विचारावयास हवे. अहवालात ‘पोस्टेरियर लिंब’, ‘कोरोना रेडिएटा’ किंवा ‘पॉन्स’ हे शब्द आले तर हाताविषयी आश्वासन देताना जीभ आवरावी.

फिल्म वाचताना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली अशी की, गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघातात पहिल्या काही तासांचा सी.टी. पुष्कळदा स्वच्छ दिसतो. ‘स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे काही झालेले नाही’ असा अर्थ नातेवाईक काढतात आणि कधीकधी आपणही काढतो. त्या वेळी सी.टी. मुख्यत्वे रक्तस्राव नाही ना हे पाहण्यासाठी काढलेला असतो, कारण ताजे रक्त त्यावर लगेच पांढरे दिसते. मृत होऊ घातलेला भाग लवकर दिसावयाचा तर एम.आर.आय.मधील ‘डिफ्यूजन’ पद्धतीचे चित्र लागते. दुसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काढलेल्या सी.टी.वर आधी दिसलेला काळा डाग पुसट होऊन जवळजवळ नाहीसा होतो. पेशींची झीज भरून आली असा त्याचा अर्थ नव्हे. सूज उतरत असताना व सफाई करणाऱ्या पेशी त्या भागात शिरत असताना होणारा तो दृष्टिभ्रम होय, आणि पुढे डाग पुन्हा स्पष्ट होतो. मधल्या काळात एखाद्या औषधाने ‘डाग गेला’ अशी जाहिरात कोणी करीत असेल, तर त्यामागे बहुधा हाच प्रकार असतो.

सी.टी. यंत्राचा पहिला रुग्णोपयोग १९७१ साली लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात झाला. त्याच्या निर्मितीबद्दल हाउन्सफील्ड व कॉर्मॅक यांना १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून भाकितासाठी या चित्रांतून आकडे काढण्याचे प्रयत्न झाले. त्यांतील दोन आपल्या उपयोगाचे आहेत. मेंदूच्या मधल्या धमनीच्या प्रदेशाचे दहा भाग पाडून, बिघडलेल्या प्रत्येक भागासाठी एक गुण वजा करावयाचा, अशी ‘ॲस्पेक्ट्स’ नावाची पद्धत २००० साली कॅनडातील वैद्यकांनी मांडली. गुण सात किंवा त्याहून खाली आले तर परावलंबित्वाची शक्यता वाढते. अहवालात हा आकडा असेल तर तो वाचून ठेवावा.

रक्तस्रावी पक्षाघातात मात्र वैद्याला स्वतः मोजता येईल असे एक साधे गणित आहे. ज्या छेदात गोळा सर्वांत मोठा दिसतो त्यातील लांबी, तिच्याशी काटकोनातील रुंदी, आणि जितक्या छेदांत तो दिसतो त्यांवरून काढलेली उंची, या तिन्हींचा सेंटिमीटरमध्ये गुणाकार करून त्याचे अर्धे करावे. उत्तर मिलिलिटरमध्ये येते. लांबी ४, रुंदी ३ व उंची ३ असेल तर सुमारे १८ मिलिलिटर रक्त साचले आहे. ३० मिलिलिटर वा त्याहून अधिक रक्त, ते मेंदूच्या पोकळ्यांत उतरलेले असणे, स्राव मेंदूच्या खालच्या भागात असणे, रुग्णाची शुद्ध हरपलेली असणे व वय ८० किंवा त्याहून अधिक असणे, या पाच गोष्टींवरून पहिल्या महिन्यातील मृत्यूची शक्यता मांडण्याची पद्धत २००१ पासून रूढ आहे. एवढे असूनही जो रक्तस्रावी रुग्ण पहिला महिना तरून जातो तो पुढे अनेकदा अपेक्षेपेक्षा अधिक सुधारतो. साचलेल्या रक्ताने तंतू बाजूला रेटलेले असतात, सर्वच तुटलेले नसतात.

हाताच्या भाकिताचा शोध आणि त्याची एक गमतीची परिणती

हात परत येईल की नाही, याचा सर्वांत चिकाटीने पाठपुरावा न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे कॅथी स्टिनियर, विन्स्टन बिब्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. एम.आर.आय.मधील डिफ्यूजन पद्धतीने तंतूंच्या गठ्ठ्यातून पाण्याचे रेणू कोणत्या दिशेने सरकतात हे मोजता येते. शाबूत मार्गात ते तंतूंच्या लांबीच्या दिशेने सरकतात, तुटलेल्या मार्गात दिशा विस्कटते. निरोगी व बाधित बाजूंच्या मोजमापांतील तफावत विशिष्ट मर्यादेबाहेर गेली म्हणजे मार्ग बहुतांशी तुटला असे मानावे, असा त्यांचा आधार होता. २०१२ साली त्यांनी ‘प्रेप’ नावाचा पायरीपायरीचा क्रम प्रसिद्ध केला. त्यात अगोदर हाताचे बळ तपासावयाचे, ते अल्प असेल तर कवटीवरून चुंबकीय उद्दीपन देऊन हातात प्रतिसाद येतो का ते पाहावयाचे, आणि तोही नसेल तर एम.आर.आय. काढावयाचा.

२०१७ साली त्यांनीच २०७ रुग्णांच्या आधारे हा क्रम सुधारून ‘प्रेप-२’ म्हणून मांडला. त्यात एम.आर.आय.ची पायरी गळून गेली. बाकीच्या तपासण्या हाती असता त्या चित्राने भाकितात विशेष भर पडत नव्हती. त्याऐवजी तिसऱ्या दिवशीच्या पक्षाघाताच्या एकूण तीव्रतेचा गुणांक घेतला गेला. महागडे यंत्र वापरून वर्षानुवर्षे केलेल्या अभ्यासाची सांगता खांदा व बोटे तपासण्यात व्हावी, हे आम्हांस फार बोलके वाटते.

ती तपासणी अशी. व्याधी झाल्यापासून तिसऱ्या दिवसाच्या सुमारास रुग्णास बाधित हात बाजूस उचलण्यास व बोटे सरळ करण्यास सांगावे. दोन्ही क्रियांना शून्य ते पाच असे बळ द्यावे आणि बेरीज करावी. बेरीज पाच किंवा अधिक आणि वय ८० च्या आत असेल तर हात तीन महिन्यांत उत्तम कामास येण्याची शक्यता मोठी. वय ८० किंवा अधिक असेल तर आठ गुण असल्यासच ‘उत्तम’ म्हणावे, पाच ते सात असल्यास ‘चांगला’. बेरीज पाचाहून कमी असेल तर चुंबकीय उद्दीपनाची चाचणी लागते. प्रतिसाद मिळाल्यास हात ‘चांगला’ सुधारण्याची अपेक्षा ठेवता येते. प्रतिसाद नसेल तर तीव्रतेच्या गुणांकावरून ‘मर्यादित’ किंवा ‘अल्प’ असा निष्कर्ष निघतो. एकंदरीत चारांपैकी तीन रुग्णांत हे भाकीत बरोबर ठरले. चौथ्यात चुकले, हेही तितक्याच ठळकपणे लक्षात ठेवावे.

नेदरलँड्समधील अभ्यासकांनी २०१० साली याहूनही साधी गोष्ट दाखवली होती. दुसऱ्या दिवशी ज्या रुग्णांत बोटे सरळ करण्याची व खांदा उचलण्याची थोडीशी जरी ऐच्छिक हालचाल होती, त्यांच्यात सहा महिन्यांनी हाताचे काही तरी कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के होती. दोन्ही हालचाली नसतील तर २५ टक्के, आणि नवव्या दिवसापर्यंतही त्या आल्या नाहीत तर १४ टक्के. पायासाठीचेही गणित त्यांनी मांडले. पहिल्या ७२ तासांत आधाराशिवाय बसता येणे आणि पायात थोडे बळ असणे, या दोन गोष्टी असतील तर सहा महिन्यांत स्वतंत्र चालण्याची शक्यता ९८ टक्के, नसतील तर २७ टक्के.

आपल्या मिठागरावरच्या रुग्णाची गोष्ट येथे पुन्हा आठवते. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर डाव्या हाताच्या बोटांचे बळ ‘०/५’ असे तिसऱ्या दिवशीच लिहिलेले होते. कार्ड लिफाफ्यातच होते. आम्ही फिल्म खिडकीपाशी धरून पाहिली आणि कार्ड उघडले नाही.

सुश्रुतांची निवड

हे वाचून ‘आमच्याकडे हे सर्व होतेच’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. मेंदूतील तंतूंचा मार्ग प्राचीनांना ठाऊक नव्हता आणि तसे म्हणण्याने त्यांचा गौरव वाढत नाही. परंतु रुग्णशय्येपाशी बसून कोणता रुग्ण सुधारतो आणि कोणता नाही हे त्यांनी बारकाईने पाहिले होते, यात संशय नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात केवळ वाताने झालेला पक्षाघात अतिकष्टसाध्य, अन्य दोषांचा संसर्ग असलेला साध्य, आणि धातुक्षयामुळे झालेला असाध्य, असा विभाग केला आहे. चिकित्सास्थानातील निर्देश तर अधिक व्यवहारी आहे. ज्याचे गात्र म्लान झालेले नाही, ज्यास वेदना जाणवते, जो मनाने खंबीर आहे आणि ज्याच्यापाशी साधने आहेत, अशा रुग्णाची चिकित्सा हाती घ्यावी, असे तेथे सांगितले आहे.

या चार कसोट्या आजच्या भाषेत ताडून पाहाव्यात. गात्र म्लान न होणे म्हणजे स्नायू सुकण्यापूर्वीचा काळ व शिल्लक राहिलेली हालचाल. वेदना जाणवणे म्हणजे संवेदनावह मार्ग शाबूत असणे. ज्याची संवेदना हरपली आहे तो रुग्ण हाताकडे दुर्लक्ष करतो आणि त्याचे पुनर्वसन कठीण जाते, हा सर्वांचाच अनुभव आहे. मनाची खंबीरता फिल्मवर दिसत नाही, पण पक्षाघातानंतर येणारे नैराश्य सुधारणा रोखते हे आता सर्वमान्य आहे. आणि साधने म्हणजे केवळ पैसा नव्हे. घरात रुग्णाला दिवसातून चार वेळा उठवून बसवणारे कोणी आहे काय, हा तो प्रश्न आहे. आमच्या भागातील तरुण मंडळी मुंबईत किंवा डोलवी-रोह्याच्या कारखान्यांत पाळीवर असतात. घरी म्हातारी एकटीच असते. अशा घरात उत्तम स्कॅनचा रुग्णही खाटेवर सुकत जातो.

तथापि साधने म्हणजे सर्वस्व असेही नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ या भारतीय चाचणीत १४ रुग्णालयांतील १२५० रुग्ण घेतले होते. नातेवाइकांना घरी करावयाच्या व्यायामाचे शिक्षण दिल्याने सहा महिन्यांनंतरचे मृत्यू वा परावलंबित्व कमी होईल अशी अपेक्षा होती. दोन्ही गटांत ते सारखेच, सुमारे ४७ टक्के निघाले. कुटुंबाची शुश्रूषा निरर्थक आहे असा याचा अर्थ आम्ही काढत नाही. परंतु ‘मालीश नियमित केली असती तर हात आला असता’ असे म्हणून सुनेला किंवा मुलाला दोषी ठरवण्याचा आपला अधिकार यानंतर राहत नाही.

चित्रातून अद्याप काय निघते आहे

एम.आर.आय.ची उपयुक्तता संपली असे मात्र समजू नये. ज्याचा हात पूर्ण लुळा आहे आणि चुंबकीय उद्दीपनाचे यंत्र जवळपास नाही, अशा रुग्णात मार्गाचे चित्र अजूनही माहिती देते. आपल्या तालुक्यांत असे यंत्र कोठून असणार? वाणीच्या बाबतीतही चित्र महत्त्वाचे ठरते. लंडनमध्ये कॅथी प्राइस यांच्या नेतृत्वाखाली मोठ्या संख्येने रुग्णांचे स्कॅन व त्यांच्या भाषेच्या चाचण्या एकत्र साठवल्या गेल्या आहेत. नव्या रुग्णाच्या डागाशी जुळणारे जुने रुग्ण शोधून, त्यांची वाणी कालांतराने कशी सुधारली त्यावरून अंदाज बांधावा, अशी ती योजना आहे. पद्धत सुंदर आहे. तेथील आधारसामग्री मात्र प्रामुख्याने इंग्रजी बोलणाऱ्यांची आहे, म्हणून मराठी रुग्णास ती जशीच्या तशी लावता येणार नाही.

काम करताना मेंदूचा कोणता भाग उजळतो हे दाखवणाऱ्या चित्रांनीही एक गोष्ट उघड केली. हात हलवताना ज्यांचा मेंदू दोन्ही बाजूंनी व विस्तृत प्रदेशात उजळतो ते सहसा कमी सुधारलेले असतात. सुधारणा होते तसतसे चित्र पुन्हा नेहमीच्या मर्यादित भागाकडे येते. ‘मेंदूचा अधिक भाग जागृत झाला’ असे सांगून उपचार विकणाऱ्यांनी हे वाचावे.

काही वर्षांपूर्वी ‘गमावलेल्या शक्तीच्या सुमारे ७० टक्के शक्ती तीन महिन्यांत परत येते’ असा एक नियम फार गाजला. मार्ग शाबूत असलेल्यांना तो लागू पडतो असे सांगितले जाई. २०१९ च्या सुमारास संख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, ज्या प्रकारे आकडे मांडले गेले त्या मांडणीतूनच तो नियम अंशतः उत्पन्न होतो. यास्तव कोणाही रुग्णास ‘सत्तर टक्के येईल’ असा आकडा देऊ नये.

भाकीत स्वतःच फळास येते

येथे सर्वांत नाजूक भाग येतो. ‘हा हात येणार नाही’ असे वैद्याने म्हटले की नातेवाईक तो हात झोळीत अडकवून ठेवतात. त्याला कोणी हलवत नाही, रुग्णही त्याकडे पाहत नाही. तीन महिन्यांनी तो हात खरोखरच आखडलेला असतो आणि भाकीत खरे ठरते. मोठ्या रक्तस्रावात हाच प्रकार जिवावर बेततो. वाईट आकडा पाहून उपचार आखडते घेतले जातात, रुग्ण दगावतो, आणि आकड्याची विश्वासार्हता वाढते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. ऑकलंड येथे चिकित्सकांना भाकिताची माहिती दिली तेव्हा रुग्णांचा रुग्णालयातील मुक्काम सुमारे एक आठवड्याने घटला आणि त्यामुळे अपाय झाला नाही. ज्याचा हात येण्यासारखा होता त्याच्या हातावर श्रम घेतले गेले. ज्याचा येण्यासारखा नव्हता त्यास एका हाताने कपडे घालणे, जेवणे, सदऱ्याची बटणे लावणे लवकर शिकवले गेले. असाध्य व्याधीत हात घालणारा वैद्य अर्थ, विद्या व यश गमावतो, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानात बजावले आहे. आम्ही त्यात भर घालू की, बहुतेक वेळा पहिला अर्थ गमावतो तो रुग्ण.

आता आम्ही असे बोलतो. हालचाल असेल तर, ‘चिन्हे चांगली आहेत. तीन महिने हातावर काम करायचे. चारांतला एखादा आमचा अंदाज चुकवतो.’ हालचाल नसेल तर, ‘पायाची आशा हातापेक्षा अधिक आहे. हाताला आखडू द्यायचे नाही, दुखू द्यायचे नाही. दर पंधरा दिवसांनी बोटे पाहू. काही दिसले तर त्यावर भर देऊ. त्यासाठी आज कर्ज काढू नका.’ हे शेवटचे वाक्य आम्ही मोठ्याने आणि सर्व नातेवाइकांसमक्ष उच्चारतो. कबुतराच्या रक्तासाठी धावणाऱ्यांनाही तेच ऐकवतो.

उपचारकाली सांभाळावयाच्या गोष्टी

पहिल्या तासांत रुग्ण आपल्याकडेच आणला गेला तर नस्य, औषध, पाणी यांपैकी काहीही तोंडा-नाकाने देऊ नये. गिळण्याची क्रिया बिघडलेली असल्यास ते फुप्फुसात जाते. चेहरा वाकडा, हात लटका, बोलणे अडखळते, यांपैकी काहीही एकाएकी झाले तर १०८ ला बोलवावे आणि लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ कागदावर लिहून द्यावी. गुठळी विरघळवणारे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत, आणि सी.टी.ने रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावरच देतात. मोठ्या धमनीतील गुठळी नळीने ओढून काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो, हे २०१८ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांनी सिद्ध केले. ती निवड मेंदूच्या चित्रावरूनच होते. भाकितासाठी चित्राचा याहून मोठा उपयोग कोणता? पूल होण्यापूर्वी धरमतरची खाडी तरीने ओलांडणारी आपली मागची पिढी आणि वडखळच्या कोंडीत तास घालवलेली आपली पिढी, दोघींनाही वेळेची ही किंमत वेगळी समजावून द्यावी लागणार नाही. २०२४ च्या जानेवारीत शिवडी-न्हावाशेवा सेतू खुला झाला. तो वाटेचा वेळ वाचवतो, परंतु घरून निघण्यास झालेला उशीर वाचवीत नाही.

पहिल्या २४ तासांत जोरकस व्यायाम करू नये. ‘ॲव्हर्ट’ या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, दोन हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत फार लवकर व फार वेळ उठवलेल्या रुग्णांची स्थिती तीन महिन्यांनी तुलनेने वाईट आढळली. पुढेही अभ्यंग करताना लुळा हात ओढू नये, खांद्याचा सांधा निसटतो व कायमचा दुखतो. संवेदना नसलेल्या अंगास नाडीस्वेद किंवा पिंडस्वेद देताना उष्णता आपल्या हातावर पाहावी. बाधित पायाची पोटरी सुजलेली व उष्ण असेल तर मर्दन पूर्णतः वर्ज्य, प्रथम शिरेत गुठळी नाही ना याची तपासणी करवून घ्यावी.

औषधालय चालवणाऱ्या बंधूंना दोन शब्द. पक्षाघाताच्या रुग्णाचे नातेवाईक चिठ्ठीशिवाय रसकल्प मागण्यास येतात. कोणी तरी सांगितलेले असते. ते तसे देऊ नयेत. रुग्ण रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत आहे काय हे विचारल्याखेरीज गुग्गुळाचे वा लसणाचे कल्पही देऊ नयेत, आणि रक्तस्रावी पक्षाघात असल्यास तर मुळीच नाही. यष्टिमधु दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतल्याने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. भास्करलवणासारख्या लवणप्रधान चूर्णांचाही विचार करावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘आयुर्वेदिक सुरू केले, आता त्या गोळ्या बंद’ हे वाक्य दुकानाच्या फळीवर ऐकू आले की तेथेच थांबवावे. रक्तदाबाची गोळी बंद झाल्याने दुसरा झटका आलेला रुग्ण आम्ही पाहिला आहे. दुसऱ्या झटक्यानंतर पहिल्या स्कॅनवरचे कोणतेच भाकीत उरत नाही.

आमच्या नोंदवहीत आता प्रत्येक पक्षाघाताच्या रुग्णासाठी पाच रकाने आखले आहेत. डागाची जागा, तिसऱ्या दिवशीचे खांद्याचे व बोटांचे बळ (कार्डावरून किंवा नातेवाइकांना विचारून), आधाराशिवाय बसता येणे, आम्ही उच्चारलेले भाकीत शब्दशः, आणि तीन महिन्यांनंतरची प्रत्यक्ष स्थिती. पहिले चार रकाने भरतात. पाचवा पुष्कळदा कोरा राहतो. रुग्ण बरा झाला तर लावणीला जातो आणि न झाला तर येत नाही. म्हणून यंदापासून भाकीत लिहितानाच तीन महिन्यांनंतरची तारीख आम्ही औषधाच्या पुडीवर लिहून देतो, आणि त्या तारखेस कोणी आले नाही तर आमचा साहाय्यक सायकल घेऊन त्या गावी जातो.